कलाफेरीतले थांबे

आमच्या परिसरातल्या चित्रकार-शिल्पकारांची कामं एका संध्याकाळी पायी फिरून बघायची असा बेत ठरला, तेव्हा मार्ग आखण्याचं आणि एका गटाला सोबत घेऊन फिरण्याचं काम मी मागून घेतलं. दोन छोटी कलादालनं, एका वाचनालयाची खोली, एक स्टुडिओ, एक अंगण आणि एक रंगवलेली भिंत, एवढा पसारा. कागदावर हे सोपं दिसतं. ठिकाणं रेघेने जोडायची, वेळा लिहायच्या, लोकांना बोलवायचं. पण काम हातात घेतल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली आणि चित्र बघणं या क्रियेकडेच मी नव्याने बघू लागले. कुणाला आपल्या भागात असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात केली ती एका आकड्यापासून. माणसं एका चित्रासमोर किती वेळ उभी राहतात? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रेक्षकांचं निरीक्षण करून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वेळ निघाला साधारण 27 सेकंद. मध्यक त्याहून कमी, 17 सेकंद. म्हणजे निम्म्या वेळा लोक तेवढंही थांबले नव्हते. शेजारची पाटी वाचण्याचा वेळही यातच धरलेला. जगभरातून लोक जी चित्रं मुद्दाम बघायला येतात त्यांची ही गत असेल, तर पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या, नाव फारसं कानावर न पडलेल्या चित्रकाराच्या वाट्याला काय येणार? एका संध्याकाळी तीस-चाळीस कामं दाखवायची आणि लोकांना पुढे पुढे हाकत न्यायचं, हा विचार मी तिथेच सोडला. थांबे मोजके ठेवायचे, प्रत्येक थांब्यावर एकच काम मध्यभागी धरायचं आणि तिथे माणूस काही मिनिटं तरी रमेल अशी सगळी व्यवस्था करायची, हे पक्कं केलं. पुढचे सगळे निर्णय यातूनच आले.

कामं निवडायला मी प्रत्येकाच्या काम करण्याच्या जागी गेले. फोटो मागवून निवड करणं सोयीचं असतं, पण फोटोत आकार कळत नाही, पोत कळत नाही, आणि चमकदार रंगांचं चित्र तिथे नेहमीच जिंकतं. प्रत्यक्ष गेल्यावर भलतीच कामं समोर येतात. छापचित्रं करणाऱ्या एका ताईंकडे मी भिंतीवर लावलेली मोठी एचिंग्ज, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून काढलेले छाप, बघायला गेले होते. त्या चहूबाजूंनी पसरलेल्या कागदांतून वाट काढत आल्या आणि म्हणाल्या, "ती बघाच, पण आधी हा गठ्ठा बघा." गठ्ठ्यात एकाच जस्ताच्या प्लेटचे एकामागून एक काढलेले चाचणी-छाप होते. पहिल्यात नुसत्या बारीक रेषा. पुढच्यात प्लेट आणखी काही वेळ ॲसिडमध्ये राहिली म्हणून तेवढ्याच रेषा जाड आणि काळ्या. त्यापुढे अर्धं आकाश घासून पुसून टाकलेलं. शेवटच्या छापात आकाश पुन्हा आलेलं, पण वेगळं. एका चित्राने किती वेळा आपलं मत बदललं ते त्या गठ्ठ्यात दिसत होतं. मी त्यांना विचारलं, हा सगळा गठ्ठा ओळीने टेबलावर मांडू या का? त्या जरा थबकल्या. अर्धवट कामं लोकांना कशी दाखवायची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी त्या तयार झाल्या, आणि तो आमच्या फेरीतला सगळ्यात जास्त बोलका थांबा ठरला. त्याबद्दल पुढे.

निवडीत मी एक पथ्य पाळलं. प्रत्येक थांब्याचं माध्यम आधीच्या थांब्यापेक्षा वेगळं हवं. भित्तिचित्र, सिरॅमिक, कागदावरचे जलरंग, तैलरंगातलं मोठं अमूर्त चित्र, शिल्प, आणि शेवटी छापचित्र. डोळा एका प्रकारच्या पृष्ठभागाला सरावला की आळसावतो. मातीच्या खडबडीत भांड्यानंतर जलरंगाचा कागद बघितला की त्या कागदाचं पातळपण अंगावर येतं. तसा तो एरवी जाणवत नाही.

आता संध्याकाळ. दिवसभर काम करणाऱ्यांना कला बघता यावी म्हणून संध्याकाळी दारं उघडी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचं साउथ केन्सिंग्टन संग्रहालय, म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, 1857 मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचे प्रमुख हेन्री कोल यांनी गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळी खुलं ठेवलं, ते मुद्दाम कामकरी लोकांसाठी. बर्लिनमध्ये 1997 साली संग्रहालयांची लांब रात्र सुरू झाली आणि तो प्रकार पुढे युरोपभर पसरला. पॅरिसची रात्रभर चालणारी कला-रात्र 2002 पासूनची. हे सगळं वाचताना मला कोल यांचा मुद्दा फार जवळचा वाटला. दुपारी दोन वाजता ज्याला सवड असते त्याच्यापुरतीच कला राहू नये. आमच्या फेरीला आलेल्यांपैकी बरेच जण कामावरून थेट आले होते, काहींच्या खांद्याला ऑफिसची बॅग तशीच होती. सकाळच्या फेरीत ही माणसं दिसलीच नसती.

पण संध्याकाळ म्हणजे बदलता उजेड, आणि मार्ग आखताना खरा मालक तोच. उजेड कमी होत जातो तसे आपल्या डोळ्यांना लाल-नारिंगी रंग लवकर काळवंडलेले दिसतात, आणि निळे-हिरवे त्यांच्या तुलनेत उजळ राहतात. एकोणिसाव्या शतकातले चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे टिपून ठेवलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. भरपूर उजेडात आपण डोळ्यातल्या शंकुपेशींनी बघतो, अंधुक उजेडात दंडपेशी काम करू लागतात, आणि त्यांना लाल रंगाचं फारसं कळत नाही. आमचं भित्तिचित्र होतं विटकरी आणि शेंदरी रंगात. सूर्य मावळल्यानंतर ते बघायला नेलं असतं तर त्यातला जीवच गेला असता. म्हणून तो पहिला थांबा. उलट, सिरॅमिकवाल्या दादांची भांडी निळ्या-हिरव्या झिलईची होती आणि ती अंगणात मांडायची होती. ती मी ऐन संधिप्रकाशात ठेवली. त्या वेळी ती आतून उजळल्यासारखी दिसतात. याची खात्री करायला मी आधी एकदा त्याच वेळी तिथे जाऊन बसले होते आणि दादांना म्हटलं होतं, "दिवा लावू नका, थोडं थांबा." दहा-पंधरा मिनिटांत आजूबाजूचं सगळं करडं होत गेलं आणि भांड्यांची निळाई मागे राहिली. तेही बघत राहिले. त्यांनी ती भांडी कायम स्टुडिओतल्या ट्यूबलाइटखालीच पाहिली होती.

तिसरा थांबा जलरंगांचा, आणि इथे उजेडाचं गणित अगदी निराळं. कागद आणि जलरंग प्रकाशाने फिके पडतात, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. ते साठत जातं: प्रखर उजेडात थोडा वेळ आणि मंद उजेडात बराच वेळ यांचा परिणाम सारखाच होऊ शकतो. म्हणून संग्रहालयं कागदावरच्या कामांसाठी साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. तैलरंगाला 200 लक्सपर्यंत चालतो. एका संध्याकाळीपुरतं कुणी इतकं पाळलं नाही तर चित्र लगेच बिघडणार नाही हे खरं. पण ती चित्रं आमच्याकडे नंतर महिनाभर लागलेली राहणार होती आणि ती काढणाऱ्या बाईंनी अनेक वर्षं जपून ठेवली होती. मला तो नियम पाळायचा होता. अडचण एवढीच, की रस्त्यावरच्या लखलखाटातून आलेल्या माणसाला 50 लक्सची खोली अंधारी वाटते आणि "दिवे लावा ना जरा" असं तो म्हणतोच. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. अंगणातला संधिप्रकाशाचा थांबा आधी ठेवल्याने हा प्रश्न आपोआप सुटला. भांडी बघता बघता सगळ्यांचे डोळे मंद उजेडाला तयार झालेले होते, आणि वाचनालयाच्या खोलीत शिरल्यावर दिव्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मार्गाचा क्रम बरोबर लागला की सूचना द्याव्या लागत नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

टांगण्याबद्दलही थोडं सांगते, कारण तिथे वाद झाला. अठराव्या शतकात पॅरिसच्या लूव्रमध्ये भरणाऱ्या सलों या चित्रप्रदर्शनांत चित्रं जमिनीपासून छतापर्यंत एकमेकांना खेटून लावत. आपलं चित्र वर गेलं की चित्रकार नाराज होत, आणि होणारच. हल्ली बहुतेक दालनं चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या जरा खाली. आमच्या एका दालनाच्या व्यवस्थापकांचा आग्रह होता की सगळं याच रेषेवर हवं. माझं म्हणणं होतं, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांची नजर साधारण 110-120 सेंटिमीटरवर असते, मुलांची त्याहूनही खाली. निदान बारीक तपशिलाची चित्रं थोडी खाली घ्यावीत. शेवटी जलरंग खाली आले आणि मोठं अमूर्त चित्र आहे त्या उंचीवर राहिलं. मला वाटतं हे योग्यच झालं. मोठं चित्र लांबून बघायचं असतं. हाताएवढा कागद बघायला मात्र जवळ जावं लागतं, आणि जवळ गेल्यावर मान वर करून बघावं लागलं तर माणूस लवकर निघतो.

पाट्यांवर मी फक्त नाव, माध्यम, वर्ष आणि आकार ठेवला. कलाकाराचं निवेदन, पुरस्कार, प्रदर्शनांची यादी हे सगळं एका घडीपत्रकात घालून शेवटच्या थांब्यावर द्यायचं ठरलं. काहींना हे रुचलं नाही. पण लांब पाटी असली की लोक आधी ती वाचतात, मग तिने सांगितलेलं चित्रात शोधतात, सापडलं की पुढे जातात. तेवढ्यातच ते 27 सेकंद संपतात.

कलाकारांना बोलतं करणं हे सगळ्यात नाजूक काम. बहुतेकांना "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटलं की ते एक तर गप्प होतात किंवा कॅटलॉगच्या भाषेत शिरतात: अस्तित्व, शोध, अव्यक्त. हे शब्द खोटे असतात असं मी म्हणत नाही, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून धरायला काही मिळत नाही. म्हणून मी प्रत्येकाकडे आधी दोन गोष्टी मागितल्या. एक, काम करताना हातात असलेली एखादी वस्तू घेऊन या: पॅलेट नाइफ, कोरणी, पट्टी, जुनी चिंधी, काहीही. दोन, एकाच प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: या कामात सगळ्यात शेवटी तुम्ही काय बदललं? या प्रश्नाला ठोकळेबाज उत्तर देताच येत नाही. अमूर्त चित्र काढणारे काका तयारीच्या बैठकीत बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "डावीकडचा पिवळा. तो काढून टाकला. आवडता होता म्हणूनच काढला." मी त्यांना म्हटलं, काका, त्या दिवशी एवढंच बोललात तरी पुष्कळ आहे.

शेवटची तयारी होती ती माझी स्वतःची: कधी बोलायचं नाही ते ठरवणं. प्रत्येक थांब्यावर पहिलं एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, मीही नाही. मग तीन प्रश्न, जे अबिगेल हौसन आणि फिलिप येनावाइन यांच्या पद्धतीतून जगभर अनेक संग्रहालयांत वापरले जातात. या चित्रात काय चाललं आहे? असं तुम्हाला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतं आहे? तीनपैकी मधला प्रश्न सगळ्यात मोलाचा. "उदास वाटतं" असं कुणी म्हणालं की "कशावरून?" विचारायचं, मग त्याला चित्रात परत जावंच लागतं. कलाकार या सगळ्यानंतर बोलणार. आधी त्यांनी अर्थ सांगितला की बाकीच्यांची तोंडं बंद होतात, हे मी अनेक उद्घाटनांत पाहिलं आहे.

गट बारा-पंधरा जणांचा. त्याहून मोठा असला की मागच्या रांगेला फक्त पाठी दिसतात. मोठ्या संख्येने लोक येणार होते म्हणून गट वेगवेगळे केले आणि त्यांच्या सुटण्याच्या वेळेत अंतर ठेवलं. प्रत्येक गटाच्या शेवटी एक स्वयंसेवक चालत होता, रेंगाळणाऱ्यांना घाई न करता सोबत करायला. या शेवटच्या माणसाचं महत्त्व मार्गदर्शकाइतकंच असतं. माझ्या मते जास्तच.

त्या संध्याकाळी पहिल्या भिंतीपाशी मी म्हटलं, "आता एक मिनिट आपण फक्त बघू या." वीस सेकंदांनंतर चुळबुळ सुरू झाली. कुणी फोन काढला, कुणी घसा साफ केला. चाळीसच्या सुमारास काहीतरी बदललं. एक बाई दोन पावलं मागे गेल्या, एक तरुण जवळ जाऊन भिंतीच्या भेगेकडे बघू लागला. मिनिट संपल्यावर त्याने पहिलं वाक्य टाकलं: "भिंतीला भेग आहे तिथेच झाडाचं खोड काढलंय." चित्रकार तरुणी मागेच उभी होती. तिचा चेहरा खुलला. भिंत बघायला ती पहिल्यांदा आली तेव्हा भेगा बुजवून घेऊ का असं मालकांनी विचारलं होतं आणि तिने नको सांगितलं होतं. सगळं चित्र त्या भेगांभोवतीच रचलं होतं. हे तिने नंतर सांगितलं. पण आधी ते कुणीतरी डोळ्यांनी शोधलं होतं, म्हणून तिचं सांगणं ऐकताना सगळे पुन्हा भिंतीकडे वळले.

मोठ्या अमूर्त चित्रासमोर एका आजोबांनी सरळ सांगून टाकलं, "मला यातलं काही कळत नाही." त्यांच्या आवाजात त्रागा नव्हता, प्रामाणिकपणा होता. मी विचारलं, "कळू दे नाहीतर नको, तुम्हाला दिसतंय काय?" ते म्हणाले, रंग फासलाय, बाकी काय. जरा थांबून म्हणाले, "खाली उजवीकडे मात्र फासलेला नाही. खरवडलाय." सगळे तिकडे बघू लागले. मी दालनातले दिवे मंद करायला सांगितलं आणि टॉर्च चित्राच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला. चित्रांची तपासणी करणारे जाणकार अशा तिरक्या उजेडात रंगांचे थर, भेगा, कुंचल्याचे फटकारे वाचतात. उजेड आडवा पडला तसा त्या कोपऱ्यातला खरवडलेला थर उठून दिसला आणि त्याखालची एक जुनी वक्र रेषा वर आली. काका पुढे झाले. तिथे आधी एक बसलेली आकृती होती, म्हणाले, तीन आठवडे होती. मग ती गेली, पण तिचा खांदा काही केल्या गेला नाही. आजोबांनी चष्मा पुसला आणि खांदा कुठे आहे ते बोटाने हवेत गिरवून दाखवायला सांगितलं. त्या दोघांचं बोलणं सुरू झालं ते सुरूच राहिलं. आम्ही पुढे निघालो तेव्हा ते दोघं तिथेच होते. शेवटच्या माणसाची नेमणूक करतात ती अशा वेळेसाठी.

शिल्पाच्या थांब्यावर स्पर्शाची परवानगी होती. दृष्टिहीन मंडळी येणार आहेत हे आधी कळलं होतं, आणि शिल्पकारांनी काशाच्या मूळ शिल्पासोबत भाजलेल्या मातीतली एक लहान प्रत खास हाताळायला करून आणली होती. काशावर सतत हात लागले तर घामाने आणि त्वचेच्या तेलाने वरची रंगछटा बदलते, म्हणून. अंगठ्या, घड्याळं काढायची आणि दोन्ही हातांनी बघायचं, एवढीच सूचना. एका दृष्टिहीन ताईंनी मानेपासून पाठीपर्यंत हात फिरवला आणि म्हणाल्या, "हिने श्वास रोखून धरलाय." डोळस लोकांपैकी हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येकाला प्रत हाताळून बघायची होती. रांग लागली, वेळ लांबला, आणि मी तो लांबू दिला.

छापचित्रांच्या स्टुडिओत चाचणी-छापांची ओळ टेबलावर मांडली होती. इथे मला काही विचारावंच लागलं नाही. लोक टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत, परत मागे येत, आकाश कधी गेलं आणि कधी परत आलं ते एकमेकांना दाखवत होते. एका मुलीने शेजारी ठेवलेला लाकडी ठोकळा उचलून विचारलं, यावरची अक्षरं उलटी का? ताईंनी तिच्यासमोरच शाई लावून, कागद ठेवून, चमच्याच्या पाठीने घासून छाप काढला आणि कागद उचलायला तिलाच दिला. अक्षरं सुलट झालेली बघून ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरचा पुढचा गट आत डोकावला. मग ताईंनी कागदाच्या खाली पेन्सिलीने लिहायचे आकडे समजावले. 3/20 म्हणजे वीस छापांच्या आवृत्तीतला तिसरा. आवृत्ती पूर्ण झाली की त्या प्लेटवर आडवी रेघ मारून ती रद्द करायची पद्धत आहे. छापचित्र म्हणजे मूळ चित्राची झेरॉक्स असा समज घेऊन बरेच जण आले होते. प्रत्येक छाप हाच मूळ असतो, हे सांगून पटत नाही. हाताने काढताना बघितलं की पटतं.

विक्रीची चर्चा थांब्यांवर करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. कलाकारांच्या कामाला पैसे मिळायलाच हवेत, म्हणून घडीपत्रकात प्रत्येकाशी संपर्क कसा करायचा ते दिलं होतं, आणि शेवटच्या ठिकाणी एक माणूस फक्त त्यासाठी बसला होता. बऱ्याच व्यावसायिक दालनांत विक्रीच्या निम्म्यापर्यंत रक्कम कमिशनमध्ये जाते. या संध्याकाळी आम्ही काहीच घेतलं नाही. शिवाय विक्री होवो न होवो, उपस्थित राहून बोलणाऱ्या प्रत्येक कलाकाराला आधी ठरवलेलं मानधन दिलं. याबद्दल माझं मत ठाम आहे. गाणाऱ्याला, ध्वनिव्यवस्थेवाल्याला, मांडववाल्याला आपण पैसे देतो, आणि चित्रकाराला मात्र "तुमचं काम लोकांपुढे येतंय ना" असं सांगतो. हे बंद व्हायला हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण उत्साहात हेच मागे पडतं. काम ताब्यात घेताना प्रत्येकाचं पुढून-मागून छायाचित्र काढलं, आधीपासून असलेले ओरखडे, डाग, फ्रेमची टवके उडालेली जागा लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि परत करताना तीच यादी पुन्हा तपासली. फोटो काढायला कुणाची हरकत आहे ते आधी विचारलं. चित्र विकत घेतलं तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क वेगळा लिहून दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो, हे घडीपत्रकात एका ओळीत दिलं होतं. त्या ओळीवर नंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले, त्यामुळे ती तिथे होती हे बरंच झालं.

नंतरच्या बैठकीत सगळे कलाकार एकत्र बसले. त्यांच्यापैकी कित्येक जण एकाच भागात वर्षानुवर्षं राहून एकमेकांच्या स्टुडिओत कधी गेलेले नव्हते. सिरॅमिकवाल्या दादांनी छापचित्रवाल्या ताईंना विचारलं, तुमच्या प्लेटचा ठसा ओल्या मातीवर घेता येईल का? त्यांची ती जुगलबंदी आता चालू आहे. पुढच्या फेरीत प्रत्येक कलाकाराने आपल्या कामाऐवजी दुसऱ्याच्या कामाशेजारी उभं राहून बोलावं, अशी सूचना अमूर्त चित्रवाल्या काकांनी केली आणि ती सगळ्यांनी उचलून धरली. थांबे आणखी एकाने कमी करायचे ठरले, कारण शिल्पापाशी लागलेल्या रांगेला पुरेसा वेळ देता आला नाही. पुढची फेरी ज्या महिन्यात आहे त्यात सूर्य बराच लवकर मावळतो, त्यामुळे त्या विटकरी भिंतीला उजेडाची फार थोडी वेळ मिळणार आहे. सुरुवातीची वेळ अलीकडे घ्यावी तर कामावरून येणारे मुकतात. भिंतीवर चांगल्या रंगगुणाचे दिवे लावता येतील का, म्हणजे ज्यांखाली लाल रंग लालच दिसेल असे, ते बघायला मी आणि ती चित्रकार तरुणी येत्या आठवड्यात अंधार पडल्यावर तिथे जाणार आहोत.